मुळांच्या तुकड्यांपासून रोपे: विदर्भाच्या काळ्या मातीत आणि कडक उन्हाळ्यात

वर्धा जिल्ह्यातील एका ताईंनी विचारले आहे: गेल्या मृगात त्यांनी अंगणातील चित्रक, बेल आणि बुच यांच्या मुळांचे तुकडे करून घरामागच्या काळ्या मातीच्या वाफ्यात लावले. पाऊस लागल्यामुळे वेगळे पाणी द्यावे लागले नाही. तरीही महिनाभराने उकरून पाहिले तेव्हा बहुतेक तुकडे काळे पडून सडलेले होते. बुचाच्या दोन-तीन तुकड्यांना कोंब आले होते, ते दुसऱ्या वाफ्यात हलवल्यावर आठवडाभरात वाळून गेले. मुळापासून झाड होते हे खरे आहे का, कोणत्या झाडांचे होते, आणि आपल्याकडे ते कधी व कसे करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मुळापासून झाड होते, आणि तुम्ही निवडलेली तिन्ही झाडे या कामासाठी योग्यच होती. तुकडे सडले ते काळ्या मातीत साचून राहिलेल्या पाण्यामुळे, आणि आलेले कोंब गेले ते घाईने हलवल्यामुळे. बागकामाच्या पुस्तकांत या पद्धतीसाठी जो काळ आणि जी रीत दिलेली असते, ती बहुधा थंड प्रदेशातील असते. तिथे झाडाची विश्रांती हिवाळ्यात असते आणि उन्हाळा सौम्य असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि त्यानंतर काही आठवड्यांतच काळी माती पाण्याने फुगून बसते. या दोन टोकांच्या मध्ये मुळाच्या तुकड्याला शांतपणे फुटायला वेळ मिळेल अशी तजवीज करणे, हे या कामातील खरे कौशल्य आहे.

आधी तुकड्यात काय घडते ते समजून घ्यावे, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच ठरते. हळद, आले, कर्दळ किंवा वेखंड यांचा जो भाग आपण लावतो तो मूळ नसून जमिनीखालचे खोड असते. त्यावर पेरे असतात, डोळे असतात आणि कोंब त्या डोळ्यांतूनच येतो. शेतातला कुंदा कितीही खणला तरी पुन्हा उगवतो तोही याच कारणाने. खऱ्या मुळावर मात्र डोळा नसतो. काही थोड्याच वनस्पतींच्या मुळांना, ती तुटल्यावर किंवा उघडी पडल्यावर, सालीच्या आतल्या जिवंत थरातून नवा डोळा तयार करण्याची क्षमता असते. वखराने तुटलेल्या चांदवेलीच्या मुळाचा प्रत्येक तुकडा वेगळी वेल होऊन उभा राहतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. डोळा नव्याने घडवायचा असल्यामुळे वेळ लागतो. त्या काळात तुकड्याला पाने नसतात आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळेही नसतात. तो केवळ आपल्यात साठवलेल्या पिष्टावर जगतो. म्हणूनच साठा भरलेला असताना मूळ काढणे आणि तो साठा सडू न देणे, या दोन गोष्टींना इतके महत्त्व आहे.

ही क्षमता कोणत्या झाडांत आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, ज्या झाडाच्या बुंध्यापासून दूर, जमिनीतून आपोआप फुटवे वर येतात आणि खणून पाहिल्यावर तो फुटवा आडव्या मुळावर उगवलेला दिसतो, त्या झाडाचे मूळ तोडून लावले तरी बहुतेक वेळा फुटते. बेल, बुच, गोडनिंब, शिसम, पेरू, मधुमालती आणि हजारी मोगरा यांच्याभोवती असे फुटवे नेहमी दिसतात. औषधी झाडांपैकी चित्रक आणि सर्पगंधा मुळाच्या तुकड्यांपासून वाढवतात. सर्पगंधेचे बी फार कमी उगवत असल्यामुळे तिच्या बाबतीत ही रीत विशेष उपयोगाची आहे. तिच्यासाठी अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडेही पुरतात. मात्र यासाठी जंगलातून मुळ्या खणून आणू नयेत. रोपवाटिकेतून एखादे रोप आणून ते वाढवावे आणि पुढची मुळे त्याचीच घ्यावीत.

जिथे ही रीत चालत नाही ती उदाहरणेही नीट लक्षात ठेवावीत, कारण त्यात पैसे आणि हंगाम दोन्ही वाया जातात. शतावरीची जाड, रसाळ मुळे पाहून कोणालाही वाटेल की त्यांत भरपूर साठा आहे, तेव्हा ती नक्की फुटतील. प्रत्यक्षात सुटे मूळ कधीच फुटत नाही, कारण कोंबाचे डोळे मुळांच्या वरच्या गड्ड्यावर असतात. सफेद मुसळीचेही तसेच. मुळीला वरच्या चकतीचा भाग चिकटलेला नसेल तर ती लावून उपयोग नाही, म्हणून बेणे विकत घेताना प्रत्येक मुळीचे टोक पाहून घ्यावे. डेलियाच्या कंदालाही जुन्या खोडाचा डोळा असलेला तुकडा सोबत हवा. रताळे मात्र वेगळे आहे. तेही फुगलेले मूळच असते, पण ते स्वतःवर नवे कोंब घडवते.

कलमी झाडाचे मूळ घेऊ नये, हे आपल्या भागात वेगळे सांगायलाच हवे. वरूड-मोर्शीकडचा बागायतदार हे जाणतो की नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेला असतो. म्हणजे जमिनीखालचे सगळे मूळ खुंटाचे असते, आणि त्यातून काही उगवले तरी ते जंबेरी किंवा रंगपूर लिंबूच उगवेल. विकत आणलेल्या कलमी बेलाचे, पेरूचे आणि डोळा भरलेल्या गुलाबाचे तेच आहे. बियांपासून किंवा फुटव्यापासून वाढलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडाचेच मूळ घ्यावे. चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची शोभेची झाडेही या रीतीने वाढवू नयेत. अनेकांत तो पांढरा किंवा पिवळा रंग पानाच्या केवळ बाहेरच्या थरांत असतो आणि मुळावरचा डोळा आतल्या थरातून येतो, त्यामुळे नवे रोप साधे हिरवे निघते.

आता वेळेविषयी. माझ्या मते विदर्भात या कामासाठी माघ आणि फाल्गुनाचा पूर्वार्ध, म्हणजे ढोबळमानाने जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला पानांनी तयार केलेले अन्न तोवर मुळांत जमा झालेले असते, पानगळ सुरू झालेली किंवा होणार असते आणि नवी पालवी अजून फुटलेली नसते. बेलाला चैत्र-वैशाखात पालवी आली की मुळातला साठा वर खेचला जातो, आणि त्या वेळी काढलेले मूळ दिसायला जाड असले तरी आतून रिकामे असते. शिवाय माघात लावलेल्या तुकड्याला सौम्य ऊन, कोरडी हवा आणि पाऊस नसलेले तीन-चार महिने मिळतात. किती पाणी द्यायचे ते त्या काळात आपल्या हातात असते. मृगात ते आपल्या हातात राहत नाही. ज्यांची ही वेळ हुकली असेल त्यांनी नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत थांबून दाट सावलीत, पिशव्यांत आणि वर आडोसा करून प्रयत्न करावा. उघड्या वाफ्यात तेव्हा काही लावू नये.

मूळ काढण्याच्या आदल्या दिवशी झाडाला हलके पाणी द्यावे. म्हणजे भेगाळलेली काळी माती मऊ होते आणि सबलीने खणताना मुळे चिरडली जात नाहीत. बुंध्याला अगदी लागून खणू नये. मोठ्या झाडाच्या बाबतीत हातभर ते दोन हात अंतरावर, एकाच बाजूने, वरवर पसरलेली आडवी मुळे शोधावीत. फार जुनी, लाकडासारखी कडक झालेली मुळे सोडून द्यावीत. बेल आणि बुचासाठी बोटाएवढ्या जाडीची आणि चित्रकासाठी पेन्सिलीएवढी जाड, भरीव, साल न सुरकुतलेली मुळे निवडावीत. चित्रकासारखे लहान झुडूप असेल तर एका वेळी त्याच्या एकूण मुळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक घेऊ नयेत, आणि पुढच्या वर्षी त्याला विश्रांती द्यावी. खड्डा लगेच शेणखत मिसळलेल्या मातीने बुजवून पाणी द्यावे. काढलेली मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावीत. फाल्गुनातल्या उन्हात अर्धा तास उघडी राहिलेली बारीक मुळे निकामी होतात.

चित्रकाचे मूळ हाताळताना हातमोजे घालावेत, निदान हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. त्याच्या ताज्या मुळात प्लंबॅजिन नावाचे द्रव्य असते. रस कातडीला लागला की आग होते आणि फोड येतात. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे, आणि कापलेले उरलेसुरले तुकडे जनावरांच्या पुढ्यात जातील असे टाकू नयेत.

तुकडे करताना एका गोष्टीत हयगय चालत नाही. मुळाला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात. बुंध्याकडचे टोक ते वरचे आणि जमिनीत दूर गेलेले टोक ते खालचे. कोंब वरच्या टोकाकडे येतो आणि नवी मुळे खालच्या टोकाकडे फुटतात. जमिनीबाहेर आल्यावर मात्र दोन्ही टोके सारखीच दिसतात, म्हणून मूळ हातात असतानाच खूण करावी लागते. वरच्या टोकाला सरळ आडवा काप आणि खालच्या टोकाला तिरपा काप घेण्याची माळीकामातील जुनी पद्धत याच कारणाने पडली आहे. ती काटेकोर पाळावी. उलटे लावलेले तुकडे बहुतेक वेळा फुकट जातात. एखाद्या तुकड्याची बाजू विसरली गेली तर तो उभा न लावता आडवा ठेवावा. काप धारदार सिकेटरने किंवा चाकूने एका झटक्यात घ्यावा आणि हत्यार मध्येमध्ये स्पिरिटने पुसावे. चित्रकाचे तुकडे पाच ते आठ सेंटिमीटर, तर बेल आणि बुचाचे दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लांब तुकडा अधिक तग धरतो, म्हणून संख्येच्या मोहाने तुकडे आखूड करू नयेत.

खोडाच्या काड्यांना मुळे फुटावीत म्हणून दुकानात जी पावडर मिळते ती इथे वापरू नये. तिच्यातील इंडोल ब्युटिरिक ॲसिड मुळे फुटायला मदत करते, पण आपल्याला तुकड्यावर आधी कोंब हवा असतो, आणि या द्रव्याच्या जादा मात्रेने कोंब उलट दबून राहतो. त्याऐवजी कापलेली टोके ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पावडरीत बुडवून, सावलीत थोडा वेळ सुकू देऊन मग लावावीत. हे बुरशीपासून संरक्षणाला पुरते.

मातीचे मिश्रण हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. आपली काळी माती पिकाला कितीही उत्तम असली तरी मुळाच्या तुकड्याला ती मानवत नाही, कारण ओली झाल्यावर ती फुगते आणि तिच्यातली हवेची पोकळी बंद होते, तर वाळल्यावर आकसून भेगा पडतात आणि तुकड्याभोवतीची नवी बारीक मुळे तुटतात. जाडसर, धुतलेली रेती दोन भाग, पोयटा किंवा लाल माती एक भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. रेती धुणे टाळू नये, कारण नाल्याच्या रेतीतला गाळ तळाशी बसून पिशवीची छिद्रे बुजवतो. अर्धवट कुजलेले शेणखत तर अजिबात घालू नये. त्याची उष्णता तुकड्याला भाजते आणि त्याच्या वासाने उधई येते. निंबोळी पेंड मूठभर प्रत्येक घमेल्यात मिसळली तर उधईचा त्रास बराच कमी होतो. पिशव्या किंवा कुंड्या जमिनीवर न ठेवता विटांवर मांडाव्यात.

जाड तुकडा उभा, तिरपा काप खाली आणि सरळ काप वर, असा खोचावा. वरचे टोक मिश्रणाच्या पातळीला येऊ द्यावे आणि त्यावर दीड-दोन सेंटिमीटर नुसती रेती पसरावी. बारीक मुळे आडवी ठेवून त्यांवर तीन सेंटिमीटर मिश्रण घालावे. थंड प्रदेशात याहून कमी झाकतात, पण इथे मार्च-एप्रिलमध्ये मिश्रणाचा वरचा थर दुपारी तापतो, म्हणून थोडी खोली अधिक बरी. वर हिरवी जाळी चालेल. ती नसेल तर तुराट्यांचा मांडव घालावा. मला स्वतःला तुराट्यांचा मांडव अधिक पसंत आहे, कारण त्यातून वारा खेळतो आणि ऊन-सावली दिवसभर सरकत राहते.

लावल्यावर एकदा झारीने भरपूर पाणी द्यावे आणि मग हात आवरावा. पुढचे पाणी बोट दोन पेरे आत घालून पाहूनच द्यावे. आत ओल लागत असेल तर वरची रेती कितीही कोरडी दिसो, पाणी देऊ नये. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांमधून पाणी निथळू नये आणि गोळा बोटाने टोचल्यावर सुटावा, इतकीच ओल हवी. पाने नसलेला तुकडा पाणी ओढत नाही. जास्तीचे पाणी त्याच्याभोवती साचून राहते, हवा कोंडते आणि कापलेल्या टोकाकडून सड आत शिरते. तुमच्या वाफ्यात आर्द्रा नक्षत्रभर हेच घडले असणार.

सुमारे तीन आठवड्यांनंतर एखादा तुकडा हलकेच उकरून पाहण्यास हरकत नाही. चित्रकाच्या वरच्या कापावर, साल आणि लाकूड यांच्या सांध्यात, आधी फिकट रंगाची कड उचललेली दिसते आणि मग तिच्यावर राळ्याच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी येतात. त्यांतल्या एक-दोन पुढे लालसर टोकाचे कोंब होतात, बाकीच्या तशाच राहतात. साल घट्ट आणि काप कोरडा असेल तर गाठी नसल्या तरी तुकडा जिवंत आहे असे समजून तो परत झाकावा. साल बोटाने सरकत असेल आणि वास येत असेल तर तो तुकडा काढून टाकावा, शेजारच्यांना लागण होऊ देऊ नये. बेल आणि बुच यांना दोन महिनेही लागू शकतात.

कोंब वर आला म्हणजे रोप झाले, असे मानल्यामुळेच बुचाचे ते कोंब गेले. बहुतेक झाडांत मुळाच्या तुकड्यावर कोंब आधी येतो आणि नवी पोषक मुळे नंतर फुटतात. काही झाडांत तर ती मुळे जुन्या तुकड्यातून न येता नव्या कोंबाच्या तळातून येतात. मधल्या काळात हिरवी पाने वाढताना दिसतात, पण तीही जुन्या साठ्यावरच. त्या अवस्थेत रोप हलवले तर पानांतून पाणी उडते आणि ते भरून काढायला खाली काहीच नसते. कोंबाला चार-पाच पूर्ण पाने आल्यावर आणि पिशवीच्या छिद्रांतून पांढरी मुळे डोकावू लागल्यावरच हात लावावा, आणि तेव्हाही मातीचा गड्डा फुटू देऊ नये. एका तुकड्यावर अनेक कोंब आले असतील तर सर्वांत जोमदार ठेवून बाकीचे नखाने खुडावेत. कोंब हिरवे झाल्यापासून पाणी थोडे वाढवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा शेणखताचे पातळ पाणी द्यावे. युरिया देऊ नये. माघात लावलेली रोपे आर्द्रा-पुनर्वसूपर्यंत बहुधा मोठ्या पिशवीत बदलण्याजोगी होतात. चित्रक त्याच पावसाळ्यात जमिनीत लावता येतो. बेल आणि बुच मात्र एक वर्ष पिशवीतच वाढवावेत.

बेलासाठी आणखी एक रीत सांगतो, जी खेड्यात जागा असणाऱ्यांना मी नेहमी सुचवतो, कारण तिच्यात मूळ जमिनीतून काढावेच लागत नाही. गोड, मोठ्या फळाचा एखादा गावठी बेल असेल तर त्याच्या बिया लावून तेच फळ मिळेल याची खात्री नसते, आणि फळ धरायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागते. मुळाच्या फुटव्यातून मात्र त्याच झाडाचे गुण उतरतात. महाशिवरात्रीच्या आसपास बुंध्यापासून तीन-चार हातांवर, एकाच बाजूला, फूटभर खोल चर खणावा. त्यात अंगठ्याएवढी जाड आडवी मुळे दिसली की ती स्वच्छ कापावीत आणि बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे झाडापासून तुटलेल्या भागाचे कापलेले टोक अलगद उचलून जमिनीच्या पातळीजवळ आणावे. त्याभोवती रेती आणि पालापाचोळा घालून चर बुजवावा आणि आठ-दहा दिवसांनी पाणी देत राहावे. या भागाची बारीक पोषक मुळे जमिनीत शाबूत असल्यामुळे त्याला पहिल्या दिवसापासून पाणी मिळत राहते, आणि कोंब आल्यावर तो कोमेजण्याची भीती फारच कमी असते. पावसाळ्यात वाढलेला फुटवा त्याच वर्षी उपटू नये. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या गड्ड्यासह उचलावा. गोडनिंब आणि गावठी पेरूलाही ही रीत लागू पडते.

काटवलाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ज्या अंगणात चित्रक आणि बेल आहे तिथे काटवलाची वेलही असावी असे मला वाटते, आणि तिची लागवड याच विषयाला लागून आहे. काटवलात नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. बियांपासून लावल्यास फुले येईपर्यंत कोणती वेल कोणती हे कळत नाही, आणि बीही सहजासहजी उगवत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात फळ धरलेल्या मादी वेलींच्या बुडाशी रंगीत चिंधी बांधून ठेवावी. वेल वाळल्यावर जमिनीखालचे कंदासारखे फुगलेले मूळ काढून कोरड्या रेतीत, थंड जागी जपावे आणि पावसाच्या तोंडावर लावावे. मोठे मूळ उभे चिरून दोन भाग करता येतात, मात्र प्रत्येक भागाला वरच्या टोकाचा अंश हवा, कारण कोंब तिथूनच जोमाने येतो. आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल ठेवावी, नाहीतर फुले येऊनही फळे धरणार नाहीत.

राहिला बुच. आपल्याकडे त्याला बी क्वचितच धरते, म्हणून मूळ किंवा फुटवा हाच त्याचा भरवशाचा मार्ग आहे, आणि त्याच्या फुलांचा वास रात्री अंगणभर पसरतो यासाठी ते झाड लावावेच. मात्र त्याची मुळे वरवर पसरतात, दूरपर्यंत फुटवे काढतात आणि त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडून पडतात. तुमची रोपे तयार होतील तेव्हा ती घराच्या भिंतीपासून, विहिरीच्या बांधकामापासून आणि गोठ्याच्या टिनांपासून दूर, धुऱ्याच्या कोपऱ्यावर लावावीत.